जमिनीत बघणारं पोर

३ जानेवारी

पोचले एकदाची. राजूरहून पहाटेची एसटी, संगमनेरला बदल, नगरला बदल, आणि पाथर्डीत उतरले तेव्हा ऊन कललं होतं. पुढे खैरदऱ्यापर्यंत वडापची जीप. जीपवाल्याचं नाव हैदर. मला पुढे जागा मिळावी म्हणून त्याने एका म्हाताऱ्याला मागच्या पायरीवर उभं केलं. म्हातारा कुरकुरला तर म्हणाला, "नव्या सिस्टर हायत, आजोबा. उद्या सुई त्यांच्याच हातात हाय, जरा गोडीनं घ्या." सगळी जीप हसली. माझं तांदळाचं पोतं टपावर बांधताना त्याने एवढा तांदूळ कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं, आमच्या डोंगरातला आहे, पावसावरचा. तर म्हणे, "मग थोडा पाऊसबी बांधून आनायचा हुता."

उपकेंद्र छोटं पण छान आहे. पुढच्या खोलीत तपासणी, मागच्या खोलीत माझं राहणं. पुढचं दार गावाच्या रस्त्यावर, मागचं दार कोरड्या ओढ्यात उघडतं. टाकीत पाणी नाही, टँकर आला की भरते. मी फरशी झाडली आणि माझ्या नावाचा कागद दारावर चिकटवला : विजया, समुदाय आरोग्य अधिकारी. बराच वेळ लांब उभी राहून तो वाचत राहिले. दादा राजूरच्या बाजारात हमाली करतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. निघताना त्यांनी एक मोठी टॉर्च दिली, साप-किरडू बघायला. आई म्हणाली, रोज चार ओळी लिही, म्हणजे एकटं वाटणार नाही. म्हणून ही वही.

इथे किती शांत आहे. आमच्याकडे रात्री ओहोळाचा आवाज असायचाच. इथे जमीन अगदी गप्प.

७ जानेवारी

आशाताई राहीबाईंबरोबर घरोघर फिरले. निम्म्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. मागे राहिलेत ते म्हातारे आणि लेकरं. मी सगळ्या लहान मुलांची डोकी फितीने मोजली. राहीबाई म्हणाल्या, "म्याडम, टोप्या शिवनार का काय?"

शेवटचं घर कल्याणआबांचं. आबा पाणाड्या आहेत, म्हणजे हातावर नारळ ठेवून जमिनीखालचं पाणी सांगतात. बाजेवर बसून ते नारळावर टिचक्या मारत होते. गेल्या काही वर्षांत त्यांनी दाखवलेल्या बोअरना पाण्याऐवजी धुरळाच लागला. राहीबाई त्यांच्या तोंडावरच म्हणाल्या, "आबाचा नारळ आता चटनीलाच बरा." आबा टिचक्या मारत राहिले.

घरात झोळीत त्यांचा नातू होता, समर्थ. सव्वा वर्षाचा. आधी मला वाटलं उशी आहे. ते डोकं होतं. कातडी ताणून चकचकीत झालेली, निळ्या शिरा, टाळू फुगलेली. त्याला मान हलवता येत नाही. आणि डोळे! बुबुळं अर्धी खालच्या पापणीआड बुडालेली, वर नुसतं पांढरं. आजी कडूबाई म्हणाल्या, "सारखं खालीच बघतंय बघा. काय हरवलंय कुनास ठाऊक."

मला एका नजरेत कळलं. डोक्यात पाणी साठतंय. त्याची आई प्रणिता माझ्याच वयाची. दर हंगामात नवऱ्याबरोबर तोडीला जाते, यंदा पोरासाठी राहिली. तिचा कोयता खुंटीला टांगलेला. मी म्हटलं, यावर इलाज आहे. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

१० जानेवारी

टेकडीवर जाऊन फोन केले, रेंज तिथेच येते. तालुक्याच्या डॉक्टरांनी नगरच्या दवाखान्याची ३० तारीख मिळवून दिली. डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घालतात, जादा पाणी पोटात जिरतं. उशीर झाला तर आंधळेपण, झटके, आणि क्वचित त्याहून वाईट. कातडी फाटते, किंवा पाणी स्वतःच वाट काढतं. प्रणिताच्या नवऱ्याने तिकडून होकार दिला. पण आबा आणि कडूबाई ऐकत नाहीत. म्हणे हे मागच्या जन्माचं फेडणं आहे, त्यात सुरी घालायची नाही.

मी हार मानणार नाही. लोकांना डोळ्यांनी दाखवलं की पटतं.

१२ जानेवारी

आज मी जिंकले!

कॉलेजात सरांनी एकदा दाखवलं होतं ते आठवलं. आबांच्या घरची खिडकी गोधडीने झाकली, आतली खोली अंधारी केली, समर्थला प्रणिताच्या मांडीवर घेतलं आणि दादांची टॉर्च त्याच्या डोक्याला टेकवून लावली. सगळं डोकं आतून पेटलं. लालसर, कंदिलासारखं. शिरा झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या, आणि मधोमध उजेड हलत होता, घागर हलवल्यावर पाणी हलतं तसा. दारात जमलेल्या बाया मागे सरकल्या. कडूबाईंनी तोंडावर पदर धरला. मी सांगितलं, बघा, हे पाप नाही, शाप नाही. हे पाणी आहे. नुसतं पाणी.

आबा बाजेवरून उठून आले. त्यांनी नारळावर मारतात तशी हलकी टिचकी त्या डोक्यावर मारली. तडा गेलेल्या मडक्यासारखा आवाज आला. मग कान लावून बराच वेळ ऐकत राहिले. मला म्हणाले, "म्याडम, ह्ये समदं पानीच ना? पुस्तकात बी तसंच लिव्हलंय?"

मी अभिमानाने हो म्हटलं.

"आन त्ये सारखं खाली बघतंय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग त्यांनी मला हात जोडले. म्हणाले, ३० तारखेला खुशाल न्या.

प्रणिता रडत होती. मीही. दादांना फोन करून सांगितलं, तुमच्या टॉर्चने एक पोर वाचवलं.

१७ जानेवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी गलका ऐकून आबांच्या रानात गेले. अर्धं गाव बांधावर. आबा समर्थला पालथं घेऊन चालत होते, पाय वर, डोकं खाली, जमिनीपासून वीतभर. पोर कण्हत होतं. एका जागी त्याने किंकाळी फोडली. आबा थांबले, माघारी फिरले, परत त्याच जागी आले. परत किंकाळी. "हितं," आबा म्हणाले.

मी धावले, ओरडले. डोकं खाली केलं की आतला दाब वाढतो, त्याला भयंकर दुखतंय, म्हणून ओरडतंय! प्रणिताला दोन बायांनी धरून ठेवलं होतं. आबा शांतपणे म्हणाले, "आवो, तुमीच तर दावलं. पान्याला पानी कळतंय."

बोअरची गाडी तयारच होती. दुपारी फवारा उडाला. झाडाहून उंच. लोक चिखलात नाचले, गुलाल उधळला, समर्थच्या गळ्यात हार घातला. हाराच्या वजनानेही ते डोकं कलत होतं.

योगायोग आहे. पाणी कुठेतरी लागतंच.

२२ जानेवारी

दुसरं बोअर. पहिल्यासारखंच. किंकाळी, मग फवारा.

आता शेजारच्या वाड्यांतून लोक येतात. आज एका ओसरीवर तीन आया आपापल्या तान्ह्यांच्या डोक्याला मोबाईलची बॅटरी लावून बघत बसल्या होत्या. एक दुसरीला हसून म्हणाली, "तुझ्याचं नुसतं खोबरं हाय गं." मीही हसले असते. हसू आलं नाही.

दर आठवड्याला फितीने समर्थचं डोकं मोजते, वाढतंच आहे. त्याला उलट्या होतात. श्वास घेताना घशात शिट्टी वाजते. डोक्याच्या मागे, जिथे तो टेकतो, तिथली कातडी कागदासारखी पातळ झालीय.

झोपताना वाटलं, फरशीखाली कुठेतरी ओहोळ वाहतोय. घरची आठवण येत असणार.

३० जानेवारी

रुग्णवाहिका आली आणि गेली.

रस्त्यावर दगड रचले होते. ड्रायव्हरची गचांडी धरून त्याला खाली ओढलं, चपलांनी, मग लाकडाने मारलं. त्याचा दात माझ्या पायाशी पडला. मी त्याच्यावर आडवी झाले तेव्हा मला केसांना धरून बाजूला फेकलं. मारणाऱ्यांना मी गेल्याच आठवड्यात रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या.

मी राहीबाईंना म्हटलं, तुम्ही तरी बोला, तुम्ही आशाताई आहात. त्यांनी नजर चुकवली. "माज्या रानात एकदा फिरवू द्या, मग न्या की. येवढ्यानं काय हुतंय?"

संध्याकाळी पोलीस आले. गैरसमज झाला, असं सगळ्यांनी सांगितलं. पोरगं मामाकडे गेलंय म्हणाले. मी म्हटलं, खोटं आहे, घर बघा. त्यांनी आबांचं घर बघितलं. झोळी रिकामी होती. नव्या बोअरचं पाणी पिऊन ते गेले. जाताना एकाने आबांना हळूच आपल्या रानाचं विचारलं.

६ फेब्रुवारी

समर्थच्या नाकातून पाणी गळायला लागलंय. सर्दी नाही. पाण्यासारखं स्वच्छ, थेंब थेंब, डोकं खाली केलं की जास्त. मी साखर तपासायची पट्टी लावली. साखर निघाली. म्हणजे डोक्यातलंच. आतला पडदा फाटला. आता त्याच वाटेने जंतू वर जातील. दिवस कमी आहेत.

कडूबाईंनी तांब्याची वाटी त्याच्या नाकाखाली धरली होती. बाया रांगेत. प्रत्येकीच्या तळव्यावर एक थेंब.

"गोड हाय," एकजण म्हणाली.

मी वाटी लाथाडली. कडूबाईंनी माझ्या थोबाडीत मारली. अजून कानात घूं घूं होतंय. का ते खालून येतंय?

१४ फेब्रुवारी

राहीबाईंच्या रानात धुरळा.

दिवसभर मशीन चाललं. पीठ उडावं तशी पांढरी भुकटी सगळ्यांच्या अंगावर. समर्थ आज ओरडलाच नव्हता. तो तापाने इतका निपचित होता की आबांनी त्याला चिमटा काढला, तेव्हा कुठे कण्हला. तिथे खोदलं.

राहीबाईंनी आधी आबांना मारलं. त्याच चपलेने, जी घालून त्या माझ्याबरोबर घरोघर फिरल्या. मग सगळे तुटून पडले. आबांच्या कानातून रक्त आलं. जमिनीवर पडल्यापडल्या त्यांनी बोट वर केलं. माझ्याकडे.

"हिनं बांध घातला! हप्त्याला फीत गुंडाळती पोराच्या डोक्याला. पानी बांधलं हिनं!"

सगळे माझ्याकडे वळले. पांढरे चेहरे, नुसते डोळे दिसत होते.

मी पळाले.

१५ फेब्रुवारी

उपकेंद्राच्या काचा फुटल्या. औषधं रस्त्यावर. फीत जाळली. मोबाईल दगडाने ठेचला. एक दगड माझ्या कपाळावर, भुवयांच्या मधोमध. बराच वेळ शुद्ध नव्हती.

मी जाऊ शकते. हैदरभाईची जीप रोज ओढ्यापलीकडच्या फाट्यावर येते. पण समर्थ इथे आहे. मीच टॉर्च लावली होती.

१८ फेब्रुवारी

डोकं ठणकतं. खाली वाकलं की जास्त.

ओढ्यातून फाट्यावर गेले. हैदरभाईला सगळं सांगितलं. माझा चेहरा बघून तो थट्टा करायची विसरला. म्हणाला, रोज दिवस मावळेपर्यंत इथेच थांबतो, इंजिन चालू ठेवतो, पोराला आणा. त्याच्याच फोनवरून तालुक्यात सांगितलं, उद्या माणूस पाठवतो म्हणाले. उद्या, उद्या.

आबांच्या शेजारच्या बनुबाईच्या पोरीकडून प्रणिताला निरोप दिला : मागचं दार उघडं आहे.

२० फेब्रुवारी

कडूबाई आल्या. मला वाटलं समर्थचं काही. नाही, गुडघ्याची गोळी हवी होती. मी ती कशी घ्यायची ते कागदावर लिहायला वाकले आणि टेबलावर थेंब पडला.

माझ्या नाकातून. स्वच्छ.

मी पुसणार तेवढ्यात कडूबाईंनी बोट लावलं. बोट जिभेला लावलं. माझ्याकडे बघत राहिल्या. गोळी घेऊन गेल्या.

पट्टी लावून पाहिली. साखर आहे.

दगडाने कवटीला तडा गेला असेल. असं होतं. पुस्तकात आहे. यात दुसरं काही नाही.

फरशीखालचा आवाज आज दिवसाही—

२१ फेब्रुवारी

कुणी दगड मारत नाही आता. कुणीतरी दारात पाण्याची घागर ठेवून गेलं. हळद-कुंकू लावलेली.

पोरं खिडकीतून बघतात. माझ्या डोक्याकडे.

मान वर केली की कळ येते. खाली बघितलं की बरं वाटतं. सारखं खालीच—

नाही. हा दगडाचा मार आहे.

२३ फेब्रुवारी, दिवस मावळताना

लिहिते. मागे कुणाला तरी कळावं.

प्रणिता आली. मागच्या दाराने. पोटाशी समर्थ, हातात कोयता. कोपरापर्यंत लाल. आबांनी विळा तापवला होता. बांध फोडायचा म्हणून, डोक्यावर डाग द्यायला. कातडीला टेकवणार तोच तिने खुंटीवरचा कोयता ओढला. एकच घाव. आबांचा हात विळ्यासकट चुलीत पडला, असं तिने सांगितलं. ऊस तोडल्यासारखं सांगितलं. मग पोराला घट्ट आवळलं.

समर्थ जिवंत आहे. डोक्यामागची कातडी फाटलीय, झिरपतंय. मी उकळलेलं फडकं बांधलं. अंग चुलीसारखं. पण श्वास आहे. आत्ता निघालं तर वाचू शकतो. वाचू शकतो.

पुढे गाव जमलंय. आबांचं ओरडणं ऐकू येतंय, मरत नाहीत. दारावर पहारीचे घाव. मागे अजून कुणी नाही, पण येतील. ओढा उघडा आहे, पळताना दिसेल. फाट्यापर्यंत तिला वेळ हवाय. तेवढा वेळ सगळ्यांनी पुढे बघायला हवं.

मला एकच गोष्ट सुचते आहे. मी शिकले ते सगळं तिच्या विरुद्ध आहे.

मी प्रणिताला सांगितलं, मी पुढे बोलायला लागले की पळ. मागे बघू नको. तिने कोयता माझ्यापाशी ठेवला. माझ्या पाया पडायला लागली. मी तिला ढकललं.

खिडकीतून ओरडले. सांगितलं : पाणी आता पोरात नाही! मी फितीने ओढून घेतलंय. माझ्यात आहे. कडूबाईंना विचारा!

पहार थांबली.

मग कडूबाईंचा आवाज. "खरं हाय. म्या चाखलंय."

प्रणिता गेली. मागचं दार हलतंय अजून.

दार फोडत नाहीत. वाट बघतायत. कुणीतरी म्हणालं, "म्याडम, भाईर या, काय करनार न्हाई. नुसतं रानात फिरवतो."

पालथी धरून.

थेंब वहीवर पडतायत. शाई पसरते आहे. वाचता आलं तर—

जीप अजून निघालेली नाही. आवाज आला नाही. की आला? खालच्या पाण्याचा आवाजच एवढा मोठा आहे. फरशीच्या सांध्यांतून गार वारा येतोय.

कुणीतरी पुढच्या बाजूने मागे वळतंय. ओढ्याकडे. नको. इकडे बघा. इकडे!

अंधार पडतोय, बरं झालं. टॉर्च घेतली. कपाळाला टेकवून दार उघडते. सगळे माझ्याकडेच बघतील, समर्थच्या वेळी बघत होते तसे—

जीप! जीप निघाली. घाटाकडे, गिअर बदलला, चढतेय—

टॉर्च लावली आहे. समोरच्या फुटक्या काचेत माझं डोकं दिसतंय. लालसर. कंदिला

आत काहीतरी हल—